बुढीचा जवाई

आमच्या बुढीसोबत, म्हणजे माझ्या बायकोसोबत, मी केलेलं शेवटचं काम म्हणजे माशाच्या टाकीतली नळी तोंडात धरून घाण पाणी ओढणं. पाणी ओठाशी आलं तसं थुंकलो आणि नळी बादलीत सोडली. हे काम नेहमी माझंच. संध्याकाळ झाली होती, ऊन गेलं होतं, पण भिंती अजून तव्यासारख्या होत्या. बुढी टाकीसमोर पाटावर बसून पाणी किती उतरलं ते पाहत होती. अर्ध्यावर आलं तशी म्हणाली, "बस, राहू द्या आता. उद्या मी धरीन त्याले. तुमी फक्त चादर वली करून ठेवजा."

मी बादल्या नेऊन वांग्यांना टाकल्या. तिनं बेसन लावून हात धुतले. मग दोघांनी भाकर खाल्ली, ठेच्यात मीठ जास्त झालं म्हणून मी बोललो, ती म्हणाली की पाणी प्या वरून. झालं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्तिजापूरकडून एक माणूस गाडी घेऊन मासा न्यायला येणार होता. मासा माझ्या पायाएवढा झाला होता, मांडीपासून टाचेपर्यंत, आणि तसाच जाड. टाकीत त्याला वळता येत नव्हतं. एका टोकाला गेला की तसाच मागं मागं सरकत दुसऱ्या टोकाला यायचा, ट्रक रिव्हर्स घेतल्यासारखा. बुढीला ते बघवत नव्हतं. मूर्तिजापूरच्या त्या माणसाचं हायवेला मंगल कार्यालय आहे आणि मागं बागेत मोठा गोल हौद आहे. मासा त्याला द्यायचा, आणि तो तिथं पूर्ण पलटतो का ते आपल्या डोळ्यांनी पाहायला गाडीत बसून जायचं, असं तिचं ठरलं होतं.

सकाळी ती उठली नाही.

आता लोक बसायला येतात. दोन शब्द बुढीचे बोलतात, चहा पितात आणि मग इकडं तिकडं पाहून विचारतात, तो मासा कुठं गेला हो? त्याच दिवशी दिला म्हणता, हे खरं काय? प्रत्येकाला सांगून मी थकलो. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात माझी उमर गेली, चौथीपर्यंत शाळा. लिहिणं माझं काम नाही. पण एकदा लिहून ठेवलं की सांगायचा त्रास वाचेल.

मासा घरात आला तो हौदातल्या अळ्यांमुळे. आमच्या अकोल्यात नळ रोज येत नाही. कधी आठवड्यानं येतो, कधी त्याच्याही पुढं जातो. बोअर मारावी तर पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही. म्हणून ज्याच्या त्याच्या घरी हौद. आणि साठवलेलं पाणी म्हटलं की डासांच्या अळ्या. फवारणीवाली बाई बॅटरी घेऊन यायची, हौदात उजेड मारायची आणि म्हणायची, आजी, पाणी सांडा. बुढी म्हणायची, सांडते, तू नळ सोडून दे. शेवटी त्या बाईनं चार गप्पी मासे आणून टाकले. गप्पी खात होते, पण बुढीच्या मते लय सावकाश खात होते. पंगतीत असा जेवणारा तिला कधी आवडला नाही.

मुलगा आमचा अमरावतीला नोकरीत. सुनेच्या बाळंतपणाला बुढी तिकडं गेली होती. तिथं बाजारात एका रंगीत माशांच्या दुकानात शिरली आणि दुकानदाराला म्हणाली, "ज्याची भूक सगळ्यात मोठी असन तो द्या." दुकानदाराचा दोष काढता येत नाही. तिनं जे मागितलं तेच त्यानं दिलं.

मी स्टेशनवर घ्यायला गेलो तर ही गाडीतून उतरली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या फुग्यात बोटभर काळा मासा. पोट पांढरं, शेपूट लाल, आणि एवढ्याशा तोंडाला मिशा. बडनेऱ्यापासून मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "रस्त्यानं एक डाव बी झोपला नाई." नातू कसा आहे ते मी विचारल्यावर सांगितलं.

हौदात सोडला. आठ दिवसांत चारही गप्पी संपले. पावसाळ्यात हौदात बेडूक पडायचे, तेही संपले. अळ्यांकडे मात्र त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. फवारणीवाली बाई आली, उजेड मारला आणि मागं सरकली. आजी, हे काय पाळलं? बुढी म्हणाली, अळ्या खायाले आणला होता, पण याचा विचार वेगळा दिसते.

वर्षाच्या आत तो कोपराएवढा झाला आणि हौदाच्या पाण्याला वास यायला लागला. प्यायचं पाणी ते. मी म्हटलं, मोर्णेत सोडून देतो. ती म्हणाली, "नदीतले सगळे खाऊन टाकीन अन् मंग एकटा उपाशी मरन. त्यापेक्षा इथी बरा हाय." बाजारात एक कापडाचं दुकान मोडत होतं, त्याच्या दर्शनी भागाच्या जाड काचा होत्या. त्या तिनं आणवल्या आणि काचवाल्याकडून समोरच्या खोलीत टाकी बांधून घेतली. जिथं टीव्ही होता तिथं. टीव्ही स्वयंपाकघरात गेला, माझा बसायचा दिवाण भिंतीला गेला. पाणी गाळायला तिनं कूलरची जुनी मोटर लावली. ती पाणी वर एका फुटक्या माठात चढवायची, माठात कूलरचं गवत भरलेलं, त्यातून गाळून पाणी परत टाकीत. अमरावतीच्या दुकानदाराला तिनं फोनवर हे सगळं सांगितलं. नंतर नंतर त्यानं हिचे फोन उचलणं सोडलं, कारण ही दर दोन दिवसांनी एक प्रश्न काढायची. "भाऊ, हा झोपते कवा? याच्या डोयाले तं झाकनच नाई. मंग सपन पाह्यते तं कसा पाह्यत असन?" सांगा आता. माशांच्या दुकानदारानं काय सांगावं याला.

तिनं त्याला जवाई म्हणायला सुरुवात केली. आम्हाला पोरगी नाही, एकच पोरगा. ती म्हणायची, पोरगी नाई तं नाई, जवाई तं भेटला. तसं पाहिलं तर सगळं जुळत होतं. मिशा होत्या. दिवसभर एका जागी पडून राहायचा. आधी त्याचं पान वाढावं लागायचं. पाणी बदललं, टाकीतली वीट हलवली की रुसायचा, कोपऱ्यात तोंड घालून बसायचा आणि दोन दोन दिवस जेवायचा नाही. मग ही काचेजवळ बसून समजूत काढायची. धोंड्याच्या महिन्यात लोक जावयाला वाण देतात, हिनं मुलाकडून अमरावतीहून झिंगे मागवले आणि ताटलीत मांडून, टाकीला हळदकुंकू लावून त्याला वाढले. गल्लीतल्या बाया पाहायला जमल्या. त्यातली एक म्हणाली, माह्या खऱ्या जवायाचं एवढं नाई झालं. बुढी म्हणाली, तुह्या जवायाले बोलता येते, तो मागून घेते.

स्वतः ती मांसमच्छी शिवत नव्हती. लग्न झालं तेव्हापासून माझं मटण मी बाहेर खाल्लं. पण जवायासाठी कोंबडीच्या दुकानात उभी राहायची आणि तुकडे असे निवडून घ्यायची की दुकानदाराला वाटलं, बाईच्या हाताला मोठी चव असणार. एकदा त्यानं विचारलं, काकू, मसाला कोणता टाकता? ही म्हणाली, "काई नाई टाकत. आमचा जवाई कच्चंच खाते." पुढच्या वेळी मी गेलो तर तो माणूस माझ्याकडे खालून वर पाहत होता.

मासा घरात आल्यावर माझं बाहेर मासे खाणंही बंद केलं. अंगाला वास येतो म्हणे, जवायाला कळतं. मी म्हटलं, तो मासा असून मासा खाते, मी माणूस असून काहून नाई? ती म्हणाली, "त्याले दुसरं काई खाता येत नाई. तुमाले पिठलं खाता येते." मी पिठलं खाल्लं.

उन्हाळा आमच्याकडचा कोणाला सांगायला नको. घरात कूलर एक. पहिल्या उन्हाळ्यात मासा वर तोंड काढून धापा टाकायला लागला. मी दुपारी बाजारातून आलो तर कूलरचं तोंड टाकीकडे. म्हटलं, अन् मी? "तुमाले बाहेर जाता येते, तो कुठी जाईन?" बाहेर काय होतं, निंबाचं झाड आणि आग. शेवटी मी कूलर आणि टाकी यांच्या मधात चटई टाकून झोपायला शिकलो. हवा त्याची, वाटेत मी. हिवाळ्यात उलटं. टाकीत पाणी गरम करायची कांडी होतीच, पण हिचं तेवढ्यानं भागायचं नाही. थंडीच्या दिवसांत टाकीला चहूकडून गोधड्या बांधायची. पाहुणे आले की विचारायचे, एवढं काय झाकून ठेवलं? मी सांगायचो, जवाई झोपला हाय. जे ओळखीचे नव्हते ते हळू आवाजात बोलायचे.

एकदा मी वाकून टाकीतला पाला काढत होतो तर खिशातली चुन्याची डबी पाण्यात पडली. मी हात घालेपर्यंत त्यानं ती गिळली. त्याची रीतच तशी, पडलेलं सगळं आधी पोटात, विचार नंतर. बुढी दोन दिवस टाकीसमोरून हलली नाही. मी माझ्या चुन्याची काळजी करतो म्हणून मला बोलली. तिसऱ्या दिवशी त्यानं डबी ओकली. तिनं ती घासली, पुसली आणि माझ्या हातात दिली. "घ्या. त्याले नाई आवडली."

तिला सगळ्यात मोठा प्रश्न पडला होता तो असा, की हा आपल्याला ओळखतो का. ती समोर आली की मासा लगेच काचेपाशी यायचा, तोंड उघडायचा. पाहुण्यांना त्याचं कौतुक. पण हिचं समाधान होईना. "मले ओळखते का माह्या पातळाले ओळखते, हे समजलं पायजे." एका दुपारी तिनं मला आपलं हिरवं पातळ पँटवरूनच गुंडाळलं, डोक्यावर पदर दिला आणि ताटली हातात देऊन पाटावर बसवलं. बोलायचं नाही म्हणून बजावलं, कारण माझा आवाज त्याला माहीत होता. मी बसलो. जवाई सरकत आला, काचेला नाक लावलं आणि माझ्याकडे पाहून तोंड उघडलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. तेवढ्यात दारात मीटर वाचायला आलेला माणूस उभा राहिला. आजी, मीटर कोठी हाय? बोलायची मनाई असल्यामुळे मी हातानंच दाखवलं. त्यानं आकडा घेतला आणि गेला. त्याला आजवर काही वेगळं वाटलेलं नाही.

मग तिनं माझा सदरा आणि टोपी घातली आणि बसली. मासा आला. नंतर तिनं पाटावर नुसती ताटली ठेवली, आम्ही दोघं दाराआड लपून पाहू लागलो. मासा ताटलीकडे आला आणि तोंड उघडून उभा राहिला. बुढी दाराआड पदर तोंडाला लावून हसत होती. "अजी, तो ना मले ओळखत, ना तुमाले. तो ताटलीले ओळखते." मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. उलट ती आठ दिवस हे सगळ्या गल्लीला सांगत होती, एखादं बक्षीस मिळाल्यासारखी. तिला खरं काय ते कळलं की पुरे असायचं, ते आपल्या सोयीचं आहे का याची तिला पर्वा नव्हती.

कोणी तिला सांगितलं होतं की असा मासा घरावरचं संकट आपल्या अंगावर घेतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याच्यावर काहून टाकता? त्याले त्याचं पोट पुरे हाय."

मी तिला एकदाच विचारलं होतं, की तू याच्यात एवढं पाह्यतं तरी काय. ती भाजी निवडत होती. तिचं माहेर मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागांचं गाव. तिच्या वडिलांच्या विहिरीत एक मासा होता. पाणी साफ राहावं म्हणून विहिरीत मासा सोडतात, तसा कोणी तरी सोडलेला, कोणी ते माहीत नाही. ती लहान असताना कठड्यावर पोट टेकवून तासन्‌तास खाली पाहायची. मासा दिसायचा नाही. नुसतं काळं पाणी. फक्त तो वळायचा तेव्हा एक पांढरी रेघ चमकायची आणि विझायची. तेवढंच. तिला आयुष्यभर वाटत होतं की ते पूर्ण जनावर एकदा जवळून पाहावं. "अन् आता पूरा दिसते," ती म्हणाली. भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "पण हा पलटत नाई. पूरा दिसते अन् पलटत नाई. असा काय फायदा?"

तिथून तिचं ठरलं. मुलानं फोनवर कुठं कुठं फोटो टाकला. लोकांचे फोन यायला लागले. एकानं विचारलं, वजन किती भरेल. तिनं फोन ठेवून दिला. एकाला दुकानात शोभेला ठेवायचा होता, त्याला तिनं टाकीची लांबी विचारली आणि म्हणाली, यापेक्षा तं माही मोठी हाय. मग हा मंगल कार्यालयवाला निघाला. त्याच्याकडं असेच दोन-तीन मोठे मासे आधीपासून होते, त्यांना ठेवायची हौस होती त्याला. हिनं त्याला इतके प्रश्न विचारले की त्यानं फोन हातात धरून हौदाभोवती चक्कर मारली आणि ते चित्र पाठवलं. हिनं ते पाहिलं. मग विचारलं, लग्नात डीजे कोठी लावता? तो म्हणाला, समोरच्या अंगाला, हौद मागच्या बागेत आहे, वरून पत्रे आहेत, थंडीत पाणी गरम करायची सोय आहे.

"अन् तो तिथी पलटन काय?"

"काकू," तो म्हणाला, "म्हैस पलटन तिथं."

ती हसली. मग ठीक आहे, म्हणाली. दोन दिवस आधीपासून माशाला काही द्यायचं नाही, पोट भरलेला मासा रस्त्यात ओकतो, असं त्यानं सांगितलं, तेही तिनं पाळलं. तो समोर तोंड उघडून उभा राहायचा, ही तोंड फिरवून बसायची. सकाळी लवकर या, उन्हाच्या आत नेऊ, असं तिनंच त्याला सांगितलं.

त्या सकाळी मला नळाच्या आवाजानं जाग आली. नळ आला की ती माझ्याआधी उठते. त्या दिवशी नळ एकटाच वाहत होता. मी आधी उठून नळाखाली पितळेचा गुंड लावला, मग तिला हाक मारली. दोनदा मारली. मग खांद्याला हात लावला. खांदा गार होता. मी तिथंच बसलो. गुंड भरून पाणी अंगणात वाहत होतं, ते मला ऐकू येत होतं आणि उठता येत नव्हतं.

शेजारचे अण्णाजी आले, बाया आल्या. कोपऱ्यावरचा डॉक्टर आला, त्यानं सांगितलं की झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. मुलाला फोन केला, तो अमरावतीहून निघाला. मोर्शीला कळवलं. ऊन चढायच्या आत न्यायचं, असं अण्णाजींनी ठरवलं. बाया मागच्या खोलीत तिला आंघोळ घालायच्या तयारीला लागल्या.

तेवढ्यात फाटकासमोर गाडी थांबली. मंगल कार्यालयवाला उतरला. धुतलेला सदरा, मागं गाडीत निळा ड्रम आणि एक पोऱ्या ड्रायव्हर. फाटकातून त्यानं हाक मारली, काकू, चला. मग त्याला अंगणातली माणसं दिसली. त्यानं चपला काढल्या आणि जिथं होता तिथंच उभा राहिला. कोणी तरी त्याला सांगितलं. तो माझ्याजवळ आला, हात जोडले, म्हणाला, "काकाजी, मी जातो. पुन्हा कवा तरी येईन."

अण्णाजी म्हणाले, बरोबर हाय, आज घरातून काई बाहेर जाऊ देऊ नये. मासा कुठं पळून चालला?

मी म्हटलं, पाणी अर्ध्यावर हाय.

अण्णाजी म्हणाले, "मंग भरून घ्या भाऊ. नळ चालू हाय."

बरोबर होतं त्यांचं. नळ चालू होता. भरता आलं असतं. मी टाकीकडे पाहिलं. तो एका टोकाला काचेला नाक लावून पडला होता, शेपूट बाजूच्या काचेला दुमडलेली. नाकावर घासून घासून पांढरं झालं होतं. लोकांना वाटतं, मुक्या जनावराला कळतं. त्याला काही कळलेलं नव्हतं. भूक लागली होती, एवढंच. मी विचार केला, आज पाणी भरीन, उद्या कोंबडी आणीन. मग मी काय करीन? तिच्या पाटावर बसून याला मागं मागं सरकताना पाहत राहीन. जे तिला बघवलं नाही ते मी वर्षानुवर्षं पाहायचं, आणि लोक म्हणणार, बुढीची आठवण जपली.

मी त्या माणसाला म्हटलं, "तुमाले तिनं बोलावलं हाय. घेऊन जा."

अण्णाजी म्हणाले, "अजी, आत बाई हाय अजून. लोक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या."

चादर मी ओली केली. धरायचं काम तिचं होतं, मी आजवर त्याला हात लावलेला नव्हता. मी बाह्या वर केल्या आणि टाकीत उतरलोच म्हणा, छातीपर्यंत वाकून. मंगल कार्यालयवाला आणि ड्रायव्हर दोन्ही टोकांना. पहिल्यांदा तो निसटला आणि पाणी सगळ्या खोलीभर झालं. दुसऱ्यांदा चादरीत आला. अंगात काय जोर होता त्याच्या, कापसाची गाठ उचलल्यासारखं वाटलं, पण गाठ कधी उलटी ओढत नाही. तो घशातून घुर्र घुर्र आवाज करत होता. त्याच्या पंखाचा काटा माझ्या तळहातात शिरला. मी सोडला नाही. अंगणातून ड्रमपर्यंत आम्ही त्याला चादरीत नेलं तेव्हा बसलेली माणसं बाजूला सरकून उभी राहिली, कशासाठी उभं राहायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

ड्रमला हवेचा छोटा पंप लावला, झाकण बांधलं. मंगल कार्यालयवाला गाडीत चढता चढता थांबला. "काकू येणार होत्या," तो म्हणाला. "पाहायचं होतं त्याईले."

"मले येता येत नाई," मी म्हटलं. "तुमी एक करा. सोडल्यावर तिथंच उभं राहून पाहा. पलटते का नाई ते पाहा. पलटला का मले फोन करा. लगेच करा. मी कोठी बी असो."

तो हो म्हणाला. गाडी गेली.

मुलगा आला तेव्हा मी ओल्या कपड्यांत होतो आणि हाताला फडकं बांधलेलं. खोलीत पाणी, टाकी रिकामी. त्यानं सगळीकडं पाहिलं. मग तो मागच्या खोलीत गेला आणि त्याचा रडण्याचा आवाज आला.

मोक्षधामात पोहोचलो तेव्हा ऊन कडक झालं होतं. सरण रचलं. मुलगा मडकं घेऊन उभा होता, त्याला काय काय करायचं ते एक जण सांगत होता. चेहरा अजून उघडा ठेवला होता तिचा. तेव्हा माझ्या खिशात फोन वाजला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मुलगा म्हणाला, "बाबा, बंद करा ना तो." मी उचलला. माझा हात बांधलेला होता म्हणून दोन्ही हातांनी कानाला धरला.

मंगल कार्यालयवाला सांगत होता की सोडल्यावर तो बराच वेळ तळाशी पडून राहिला, हलेच ना. आमाले वाटलं, गेला. मग भिंतीला धरून थोडा सरकला. मागं मागंच सरकत होता काकाजी, सवयीनं.

मी म्हटलं, "पलटला का नाई ते सांगा."

"पलटला. पूरा पलटला. आता चकरा मारून राहिला. इकडून बी पलटते अन् तिकडून बी."

मी फोन खिशात ठेवला. सरणापाशी गेलो आणि तिच्या कानाजवळ वाकलो.

"पलटला वं," मी म्हटलं. "दोन्ही अंगांनी."

मग मुलाच्या हाताला हात लावून आम्ही अग्नी दिला.